चोवीस दोऱ्यांचा कांदा

कांद्याच्या मुळाचं टोक कापायचं, रंगात बुडवायचं, काचेवर ठेवून अंगठ्याने दाबायचं आणि एका पेशीच्या दोन कशा होतात ते दाखवायचं, हे काम मी पुण्याच्या एका कॉलेजात तीसेक वर्षं केलं. इतक्या वर्षांत एकाही मुलाने विचारलं नाही, की सर, हा कांदा कुठला? ते बरंच झालं. मला राग लवकर येतो, आणि विचारणाऱ्याची मी उगाच खरडपट्टी काढली असती. त्या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर नव्हतं. आता नोकरी संपली आहे, रागवायला समोर कोणी नाही, तेव्हा लिहून टाकतो.

आमची वाडी चाकणच्या पलीकडे, भामा नदीच्या अंगाला. पंधरा-वीस घरं. आता ज्याला राजगुरुनगर म्हणतात त्या खेडला कोर्टकचेरीसाठी जायचं आणि कांदा घेऊन चाकणला, असा आमच्या लोकांचा भूगोल होता. चाकणच्या बाजारात आमच्या वाडीचा कांदा न विचारता ओळखू यायचा. फिकट लाल, बसका, मान सुतळीएवढी बारीक. चैत्रात काढलेला कांदा दिवाळीपर्यंत कोंब न काढता पडून राहायचा. आणि या कांद्याचं बी साऱ्या वाडीत एकाच माणसाच्या हातात होतं. ते माणूस म्हणजे माझी आत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण.

आत्या लग्नानंतर चार वर्षांत विधवा होऊन माहेरी परत आली होती. भावाच्या घरात राहणाऱ्या बहिणीचं काय असतं? चूल माझ्या आईची, धान्याची कणगी आईची, गोठा वडिलांचा. आई वाईट नव्हती, पण घर तिचं होतं आणि ते दोघींनाही माहीत होतं. आत्याचा असा एकच तुकडा होता: घरामागचा वाफा. तिथे ती कांदा फुलवायची.

हे फुलवणं जरा सांगायला हवं. कांदा जमिनीत परत लावला की त्याच्या मधून पोकळ दांडी वर येते आणि टोकाला पांढऱ्या बारीक फुलांचा गेंद धरतो. त्याला आमच्याकडे डेंगळा म्हणतात. तो वाळला की त्यातून काळं बी पडतं, ते उळं. उळं वर्षभरच जिवंत राहतं, पुढे ते उगवत नाही, म्हणून ते दर साली नव्याने धरावं लागतं. आणि वाडीचा नियम असा होता, की कांदा दोन ठिकाणी फुलवायचा नाही. एकाच घरी, एकाच वाफ्यात. बाकी कोणाच्या शेतात चुकून डेंगळा निघालाच तर तो मोडून टाकायचा. का, म्हणून विचारलं तर म्हातारी माणसं म्हणायची, "कांद्याला दोन माहेरं नसत्यात." मी शिकायला लागल्यावर या बोलण्याला मनातल्या मनात हसायचो.

दसऱ्याच्या आसपास बायका उळं न्यायला यायच्या. आत्या न्हाऊन, दारात सडा टाकून, उळ्याचं गाडगं मांडीशी घेऊन बसायची आणि प्रत्येकीच्या पदरात मुठीने उळं घालायची. विकायचं नाही, मोजायचं नाही. त्याची परतफेड म्हणजे चैत्रात कांदा निघाला की प्रत्येक घराने आपल्यातले पाच निवडक कांदे आत्याला आणून द्यायचे. त्यांतूनच ती पुढल्या वर्षी फुलवायचे कांदे निवडायची. एरवी जिला सवाष्णी हळदीकुंकवाला बोलवत नव्हत्या, तिच्यासमोर त्या दिवशी सगळ्या सवाष्णी पदर पसरायच्या. "आत्याच्या हाताला यश हाय," असं जो तो म्हणायचा. तिचं घरातलं आणि वाडीतलं सगळं स्थान या एका वाक्यावर उभं होतं.

मी वाडीतला पहिला बी.एस्सी. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हा मला पुण्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर म्हणून नोकरी लागली. चिंचवडला एक खोली घेतली. तिथून आगगाडीने पुण्याला जायचं आणि शनिवारी सायकल काढून भोसरी, मोशी, चाकण करत वाडीला. पिंपरीच्या माळावर तेव्हा औषधांचा एक मोठा कारखाना उभा राहत होता. त्याच्याकडे बघत मी सायकल मारायचो आणि मला वाटायचं, की देशात आता सगळं नवं होणार आणि त्यातलं निदान कांद्याचं तरी मी करणार. माणूस पंचविशीत असला की त्याला असं वाटतं, त्याला इलाज नाही.

आमचे सर विलायतेहून शिकून आले होते. त्या काळात एका औषधाचा आमच्या विषयात फार बोलबाला होता: कोल्चिसीन. पेशी दुभंगायची असते तेव्हा तिच्यातली गुणसूत्रं आधी आखडून जाड होतात. सूक्ष्मदर्शकातून बघितलं तर दोऱ्याचे तुकडे पडावेत तशी दिसतात. प्रत्येक दोरा लांबीत चिरून त्याचे दोन होतात, आणि मग पेशीच्या दोन टोकांकडून ते ओढले जातात, अर्धे इकडे, अर्धे तिकडे. मध्ये भिंत पडते आणि एका पेशीच्या दोन होतात. कांद्यात असे सोळा दोरे असतात. कोल्चिसीन काय करतं, तर ही ओढच बंद पाडतं. दोरे चिरले जातात, पण वेगळे निघत नाहीत. सोळाचे बत्तीस होऊन एकाच पेशीत राहतात. अशा झाडांची पानं जाड, फुलं मोठी होतात. कांदाही मोठा होईल, अशी सरांना आशा होती, आणि मला तर खात्रीच होती.

उळं घेतलं ते आत्याचंच. दोन वर्षं कॉलेजच्या बागेत खटपट केली. शंभर रोपांतली नव्वद मरायची. जी जगली त्यांचे कांदे बाटलीच्या तोंडावर पाण्यात ठेवून मुळं काढायची, टोकं कापायची आणि दोरे मोजायचे. डोळे दुखून यायचे, पण बत्तीस भरले की मी प्रयोगशाळेत मोठ्याने हसायचो. शेवटी दीडशे कांदे जमले, सगळे बत्तिशीचे. आता त्यांचं बी धरायचं होतं. सर म्हणाले, "इथे नको, आजूबाजूला लोकांचे कांदे फुलतात, भेसळ होईल. दुसरा कांदा फुलत नाही अशी जागा पाहिजे." मी छाती पुढे काढून सांगितलं, की आमच्या वाडीत तसा नियमच आहे.

नियम होता खरा, पण त्या नियमाप्रमाणे माझे कांदे कुठे लावणार? आत्याच्याच वाफ्यात. दुसरीकडे लावू द्यायला वाडी तयार होईना, वडीलही होईनात. आत्याने माझे कांदे हातात घेऊन बघितले, दाबले, हुंगले.

"मान जाड हाय रं ह्यांची," ती म्हणाली. "जाड मानेचा कांदा टिकत न्हाई."

"टिकेल. नवीन जात आहे ही."

"माज्यात मिसळंल."

"नाही मिसळणार. मी बंदोबस्त करणार आहे."

मी तिच्या मांडीवर वाढलेला. "लाव मंग," ती म्हणाली, आणि स्वतःचे निम्मे कांदे काढून मला जागा करून दिली.

बंदोबस्त म्हणजे मलमलीच्या पिशव्या. फुलं उमलायच्या आधी माझ्या प्रत्येक गेंदावर एक पिशवी बांधायची, म्हणजे माशी आत जाणार नाही आणि माझे पराग आत्याच्या फुलांवर जाणार नाहीत, तिचे माझ्यावर येणार नाहीत. पिशवीत माशी नाही म्हणजे बीही धरणार नाही. म्हणून दर शनिवार-रविवारी मी स्वतः पिशव्या उघडून गेंदावर गेंद घासणार. असं सगळं ठरलं होतं. माघात दांड्या वर आल्या. मी शिंप्याकडून शिवून आणलेल्या पिशव्या एकेक करून बांधल्या. आत्या बांधावर उभी राहून बघत होती.

"हे कशापायी?" तिने विचारलं.

हा तो क्षण. मला तो स्वच्छ आठवतो. ऊन चढत होतं, मला चिंचवडला परत फिरायचं होतं, सुतळी बोटाला कापत होती. मी म्हणालो, "ते तुला नाही कळायचं. फक्त हात लावू नकोस."

मी सायकलवर टांग टाकली.

पुढे तीन आठवडे सगळं ठीक चाललं. चौथ्या आठवड्यात सर आजारी पडले, त्यांची प्रॅक्टिकलं माझ्यावर आली आणि मी दोन शनिवार वाडीला गेलो नाही. तिसऱ्या शनिवारी गेलो, तर माझे दीडशेच्या दीडशे गेंद उघडे. भरात आलेली, ताटासारखी पसरलेली फुलं, आणि वाफाभर मधमाश्यांचा गुणगुणाट. माझ्या गेंदावरून उठलेली माशी आत्याच्या गेंदावर, तिच्यावरून उठलेली माझ्यावर. पिशव्या आत्याने धुऊन, वाळवून, घड्या करून फडताळात ठेवल्या होत्या.

"गुदमरली व्हती रं," ती म्हणाली. "माश्या कापडावर येऊन धडका मारायच्या. तू बी आला न्हाईस. उघडलं न्हाई तर तुजं बी कसं धरंल? म्हून काढल्या." तिच्या तोंडावर माझं राहिलेलं काम उरकल्याचं समाधान होतं.

मला तिचं म्हणणं त्या वेळी ऐकूच आलं नाही. दोन वर्षांची मेहनत डोळ्यांसमोर पाण्यात गेली होती. विहिरीवर आठ-दहा बाया होत्या, बांधावर दोघे-तिघे गडी होते. त्या सगळ्यांसमोर मी ओरडलो, "नासवलंस सगळं! तुझा हातच लागायला नको होता!"

विहिरीवरचे रहाट थांबले. आत्या घरात गेली आणि माझ्यासाठी भाकरी थापायला बसली. मी ती न खाता निघालो. माझ्या रागाचं वय फार तर चाकणपर्यंत असतं. मोशीच्या उतारावर मला लाज वाटायला लागली होती. पण ओरडलेलं मागे घ्यायला मोशीहून कोण परत जातं? मी नाही गेलो.

वैशाखात बी काढलं. माझे गेंद मी वेगळे नेले. त्यांतून निघालेलं बी सुरकुतलेलं, पोकळ होतं. सरांनी चिमटीत धरून बघितलं आणि ठेवून दिलं. आत्याने तिचं उळं सुपात घेतलं. आई सांगायची, की एरवी आत्याने सूप झटकलं की काडीकचरा उडायचा आणि उळं जागेवर राहायचं. त्या वर्षी उळंच उडायला लागलं. निम्म्याहून जास्त पोचट. उरलेलं दिसायला बरं होतं, ते तिने राखेत घालून गाडग्यात भरलं.

मला काय झालं आहे ते कळत होतं. माझे बत्तिशीचे पराग तिच्या सोळांच्या फुलांवर पडले होते. बी धरताना दोन्हीकडून निम्मं निम्मं येतं: माझ्याकडचे सोळा, तिच्याकडचे आठ, मिळून चोवीस. अशा बियांत अन्न नीट साठत नाही, बहुतेक पोचटच राहतात. जी थोडी उगवतात त्यांचं पुढे काही खरं नसतं. हे सगळं मी वहीत चित्रं काढून लिहिलं होतं. सरांनी त्यावर 'छान' असा शेरा मारला.

दसऱ्याला आत्याने ते उळं वाटलं. मुठीऐवजी चिमूट, पण सगळ्यांना. मी तेव्हा तिथे असतो तर थांबवलं असतं, असं मी स्वतःला सांगतो. खरं म्हणजे मला माहीत होतं आणि मी मुद्दामच गेलो नाही. एखादवेळेस उगवेलही, अशी मनाची समजूत घातली. शास्त्र शिकलेला माणूस असा देवावर हवाला ठेवून बसला, हे मला आज लिहितानाही जड जातं.

रोप निम्म्याहून कमी उगवलं. जे उगवलं त्याला चैत्रात कांदे धरले ते जाड मानेचे, जोडाचे, आणि पहिल्या पावसापर्यंत साठवणीच्या चाळीत सडायला लागले. वाडीत वास सुटला. त्या चैत्रात आत्याच्या दारात एकाही घरातून पाच कांदे आले नाहीत.

लोकांनी कारण शोधायला वेळ लावला नाही. कारण मीच देऊन ठेवलं होतं. शिकलेला भाचा भर वाफ्यात ओरडला होता, की हिचा हात लागायला नको होता. म्हणजे त्याला पुस्तकातून काहीतरी कळलं असणार. विधवा बाई, वय झालेलं, हाताचं यश गेलं. इतकी वर्षं जे हात सगळ्यांना हवे होते, ते एका हंगामात कोणाला नकोसे झाले.

मी गेलो वाडीला. यावेळी मुद्दाम गेलो. मारुतीच्या पारावर माणसं बसली होती, त्यांच्यापुढे उभा राहिलो आणि सांगितलं, की चूक माझी आहे. माझ्या कांद्यात बत्तीस दोरे होते, आत्याच्या कांद्यात सोळा, माश्यांनी ते एकत्र केले, चोवीसचं बी झालं आणि ते उगवलं नाही. आत्याच्या हाताचा याच्याशी काही संबंध नाही.

एक म्हातारा हसला. "कांद्याच्या पोटात काय असतंय ते आमी रोज चिरून बघतो की रं. दोरं कुटं असत्यात?"

"डोळ्यांना नाही दिसत. यंत्रातून दिसतात."

"मंग यंत्राच्या कांद्याला असतील."

लोक हसले. दुसरा जरा समजुतीने म्हणाला, "आत्याची माया हाय त्याला. तिच्यापायी बोलतंय पोरगं, बोलू द्या."

"मी खरं सांगतोय," मी ओरडलो.

"खरं?" तो म्हणाला. "तवा तर सर्व्यांम्होरं म्हनला व्हतास, तुजा हातच लागाया नको व्हता म्हून. त्ये खोटं व्हतं व्हय?"

याचं उत्तर फार लांब होतं, आणि त्याची सुरुवात पेशीपासून करावी लागली असती. मी पारावरून उतरलो. घरी आलो तर आत्याच्या कानावर सगळं आधीच आलं होतं. तिने मला पाणी दिलं आणि म्हणाली, "नगं बोलत जाऊस असलं. लोकं हसत्यात तुला." तिला माझी काळजी पडली होती. मला त्या क्षणी इतकं असहाय वाटलं, की मी तांब्या तसाच हातात धरून बसून राहिलो.

पुढच्या दसऱ्याला मी घरी होतो. आत्याच्या वाफ्यात त्या साली थोडे कांदे फुलले होते. चाळीतून तिने भेसळीआधीच्या पिकाचे, बारीक मानेचे, चांगले कांदे हुडकून लावले होते, आणि उळंही बरं निघालं होतं. ती सकाळी न्हाली. दारात सडा टाकला. गाडगं मांडीशी घेऊन बसली. दुपार झाली. शेजारची एक बाई आली, बसली, लेकीच्या बाळंतपणाचं बोलली, पाणी प्यायली आणि उळ्याचं नाव न काढता उठून गेली. मी आतल्या खोलीतून बघत होतो. मला बाहेर येऊन काहीतरी करावंसं वाटत होतं, पण काय करणार होतो? पदर पसरायला मी बाई नव्हतो, आणि मी पसरला असता तरी ते खरं ठरलं नसतं. दिवेलागणीच्या आधी आत्या उठली आणि गाडगं आत नेऊन ठेवलं.

त्या सालापासून वाडीत तीन घरांनी आपापला कांदा फुलवायला सुरुवात केली. काहींनी पुण्याहून बी आणलं. माश्या सगळीकडे हिंडल्या. तीन-चार वर्षांत आमच्या वाडीचा कांदा कुठल्याही गावच्या कांद्यासारखा झाला आणि चाकणच्या बाजारात तो ओळखेनासा झाला. एकदा आईने सहज विचारलं, "वाफा रिकामाच हाय, मिरच्या लावू का?" आत्या म्हणाली, "लाव की."

मी मात्र कॉलेजात पेशी शिकवत होतो. माणसाच्या पेशीत अठ्ठेचाळीस गुणसूत्रं असतात, असं मी तेव्हा फळ्यावर लिहायचो. पुस्तकात तसंच होतं. मग एके वर्षी बातमी आली, की ती सेहेचाळीस आहेत. इतकी वर्षं जगभरच्या विद्वानांनी मोजण्यात चूक केली होती. सर म्हणाले, "फळा पुसा आणि सुधारून लिहा." मी पुसलं, लिहिलं. कोणी कोणावर ओरडलं नाही.

पन्नासचं दशक संपता संपता मला विषमज्वर झाला. आत्या चिंचवडच्या खोलीवर येऊन महिनाभर राहिली. पेज करून घातली, अंग पुसलं. मला चालता यायला लागलं तेव्हा ती वाडीला परत जायला निघाली. मी म्हटलं, जायच्या आधी माझं कॉलेज बघून जा. रविवार होता. आगगाडीने तिला नेलं, शिपायाकडून प्रयोगशाळा उघडून घेतली आणि तिला स्टुलावर बसवलं.

त्या चोवीसवाल्या कांद्यांपैकी एक मी पुढे बागेत फुलवला होता आणि त्याच्या कळीतल्या पेशींची काच जपून ठेवली होती. ती सूक्ष्मदर्शकाखाली लावली. आधी आत्याला स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग तिने डोळा हळूहळू जुळवला.

"तांबडी किडं हायत," ती म्हणाली.

"तेच ते दोरे."

ती बराच वेळ बघत राहिली. मी शेजारी कागदावर चित्र काढून दाखवलं: हा तुझा सोळांचा, हा माझा बत्तिसांचा, आणि हा दोघांचा मिळून. बी धरायच्या आधी दोऱ्यांच्या जोड्या लागतात, मग जोडीतला एक इकडे जातो, एक तिकडे. तुझ्या कांद्यात दोघा-दोघांची जोडी आहे. या चोवीसवाल्यात प्रत्येक ठिकाणी तीन आहेत.

तिने पुन्हा डोळा लावला. "म्हंजी तीन भाऊ आन् वाटं दोनच. तिसरा कुनाकडं जाईल?"

"कोणाकडेही. काही इकडे, काही तिकडे. काही मध्येच राहतात."

"मंग संसार मोडतोच की," ती म्हणाली. "त्यो धड उगवंल कसा?"

एवढं नेमकं मला एकाही विद्यार्थ्याने कधी सांगितलं नव्हतं. मला आनंद झाला, हे कबूल करतो. वाटलं, सुटलो. आता तिला पटलं, की तिच्या हाताचा दोष नव्हता. मी तसं बोललोही.

तिने डोळा काढला, पण माझ्याकडे बघितलं नाही. कागदावरच्या चित्रावर बोट ठेवून ती काहीतरी जुळवत होती.

"त्या पिशव्या माश्यांपायी व्हत्या व्हय? तुज्याकडलं माज्याकडं येऊ नये म्हून?"

"हो."

"एवडंच व्हतं?"

"एवढंच."

"मंग तवाच सांगायचं न्हाई का रं," आत्या म्हणाली. "मी राखन बसले असते."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला काहीतरी म्हणता आलं असतं. भिंतीवरच्या घड्याळात मी बघितलं. तिला आणून बसवल्याला अजून अर्धा तासही झाला नव्हता. ती जपून स्टुलावरून उतरली, पदर सारखा केला आणि परतीची गाडी किती वाजता आहे ते तिने मला विचारलं.